दोराचा खालचा तुकडा

मंगळवार, ७ जानेवारी

प्रिय मामा,

फोनवर तू हवापाण्याच्या गप्पा मारतोस आणि मी मुद्द्यावर आले की तुझी कुठली तरी लिफ्ट कुठल्या तरी मजल्यावर अडकते. म्हणून या वेळी कागदावर विचारते आहे. दोन पेशंटच्या मधे बसून लिहिते आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस. बाहेर एक आजोबा गुडघा शेकत बसलेत, त्यांची वीस मिनिटं होईपर्यंत माझा वेळ माझा आहे.

आमच्या चढाईच्या क्लबने माझ्या गळ्यात एक काम घातलंय. अपघातांची वही लिहायची. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, एवढाच उद्देश. गेल्या दोन वर्षांत आमच्याकडे तीन अपघात झाले आणि तिन्ही जुन्याजाणत्यांचे. नवशिके बिचारे घाबरून गाठ तीनदा तपासतात. आम्ही गप्पा मारत बांधतो. क्लबातल्या काकूंचंच घे. वीस वर्षं कडे चढतायत. कमरेची गाठ बांधत असताना कोणीतरी विचारलं, थर्मास कुठे ठेवलाय? त्यांनी मान वळवून सांगितलं आणि अर्धी गाठ तशीच घेऊन चढायला लागल्या. चार मीटरवरून पडल्या म्हणून घोट्यावर निभावलं. शेजारी मास्तर उभा होता. मास्तर म्हणजे माझा चढाईतला जोडीदार, शाळेत गणित शिकवतो. त्याने गाठ बघितलीच नव्हती. म्हणाला, ‘काकूंची गाठ मी काय तपासणार?’

तर वहीचं पहिलं पान बाबांचं असावं असं सगळ्यांचं म्हणणं आहे. १६ फेब्रुवारीला त्यांना जाऊन वीस वर्षं होतील. त्या दिवशी रविवार आहे, आणि आम्ही पाच जण त्यांचीच उत्तरेची भिंत चढून त्यांच्याच बाजूने दोरावरून उतरणार आहोत. मी तेव्हा सात वर्षांची होते. मला माहीत आहे ते एवढंच की उतरताना दोर दगडाच्या धारेवर घासून तुटला. क्लबमध्ये आजही कोणी धारेवर जाड कॅनव्हासची घडी टाकल्याशिवाय दोर सोडत नाही. क्लबात बाबांना दादा म्हणत, म्हणून त्या घडीला सगळे ‘दादांची गादी’ म्हणतात. आपल्या बाबांच्या नावाची गादी आहे, मामा, मला त्याचा अभिमान वाटतो.

पण वहीत अभिमान चालत नाही, तपशील लागतो. वर फक्त तू होतास. आईला विचारणं शक्य नाही. तेव्हा तू लिही. किती वाजले होते, दोर कुठे बांधला होता, कोण आधी उतरलं, सगळं.

तुझी,
खारुताई


बुधवार, १५ जानेवारी

चि. खारुताईस अनेक आशीर्वाद,

पत्र मिळालं. आजोबांचा गुडघा बरा असावा.

इकडे काम फार आहे. एका सात मजली दवाखान्याच्या दोन लिफ्ट माझ्याकडे आल्यात आणि आधीच्या मेकॅनिकने नोंदवहीत दर महिन्याला ‘तपासले, ठीक’ असं एकाच शाईने, बहुधा एकाच बैठकीत लिहून ठेवलंय. मशीन रूममध्ये कबुतरांनी घर केलंय. मी दोन दिवस नुसतं ग्रीस खरवडतोय. एका तारदोराच्या सात तारा तुटलेल्या निघाल्या. लोक रोज त्याच दोरावर वरखाली करत होते आणि आरशात केस नीट करत होते.

तू विचारलंस त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष नाही. दुपारचे तीन वाजले असतील. चढाई चांगली झाली होती. भावोजी आधी उतरायला गेले, मी वरच्या टप्प्यावर थांबलो होतो. मधे कड्याला फुगवटा आहे, त्याखाली गेलेला माणूस वरून दिसत नाही. पुढचं तुला माहीत आहे. मी वरच्या वाटेने धावत गेलो आणि माणसं घेऊन आलो. तेव्हाच्या क्लबवाल्यांनी पाहणी करून लिहिलं ते दप्तरात असेल. माझ्यापेक्षा त्यांचं अक्षरही बरं आहे.

वीस वर्षांनी माणसाला काय आठवणार? तू आपली अलीकडच्या अपघातांवर लिही, ते जास्त उपयोगी.

एक मात्र ऐक. उतरताना दोराच्या खालच्या टोकाला जाड गाठ मारत जा. माणूस चुकून टोकापर्यंत आला तरी गाठ उपकरणात अडते आणि तो तिथेच थांबतो. कारण विचारू नकोस. म्हाताऱ्या मामाचा हट्ट समज.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा


बुधवार, २२ जानेवारी

प्रिय मामा,

पन्नाशीचा माणूस म्हातारा कधीपासून झाला? आणि वीस वर्षं कड्याकडे पाठ करून बसलेला माणूस आम्हाला गाठी शिकवतोय, याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. टोकाच्या गाठीचं आम्हाला माहीत नाही असं नाही. नवशिक्यांना आम्ही मारायला लावतोच. पण ती गाठ दोर वर ओढताना कपारीत अडकते आणि मग अर्धा दिवस ती सोडवण्यात जातो. जुनी माणसं मारत नाहीत. बाबाही मारत नसत. मी दहा वर्षांची असताना हे मला तूच सांगितलं होतंस, आणि तेही कौतुकाने.

शिवाय दोर पुरेल का ही शंका आम्हाला नाही. कड्यात दोर बांधायचा नवा अँकर थोडा वर बसवलाय, तिथून खालच्या पायवाटेपर्यंत बावन्न मीटर. दोर साठ मीटरचा. त्याचं एक टोक झिजलं होतं ते गेल्या महिन्यात मास्तरने चार मीटर कापून टाकलं. वर बांधायला दोन गेले, तरी चौपन्न उरतात. मास्तर म्हणतो, एवढं गणित तर त्याच्या चौथीतल्या पोरांना येतं.

आता माझं काम. तुझ्या सांगण्यावरून मी दप्तर काढलं. पाहणीचा कागद दीड पानांचा आहे. त्यात दोन वाक्यं आहेत आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत. एक म्हणजे, वरच्या दोराचं टोक विस्कटलेलं, धाग्यांची पिंजण झालेली, म्हणून दोर धारेवर तुटला. दुसरं म्हणजे, बाबांच्या कमरेच्या उतरण्याच्या उपकरणात दोर नव्हता. रिकामं होतं.

मामा, दोर मधेच तुटला तर खालचा तुकडा त्यांच्या उपकरणात ओवलेला राहायला हवा. तो त्यांच्याबरोबर खाली जायला हवा. तो कुठे गेला? वीस वर्षांत हा प्रश्न एकालाही पडला नाही याचं मला नवल वाटतंय. मी तीन वेळा तो कागद वाचला. तूच सांगू शकशील.

तुझी,
खारुताई


बुधवार, २९ जानेवारी

चि. खारुताईस,

खाली दाट झाडी आहे. तुकडा झाडीत गेला असेल. त्या वेळी कोणाला तुकडे शोधायचं सुचलं नाही आणि आता ते उकरून काय मिळणार? तुझ्या आईने कसे दिवस काढले ते मी पाहिलंय. मेलेल्या माणसाची चौकशी लावू नये.

दोर मोजा. मास्तर काय म्हणतो ते मला सांगू नकोस. दोर जमिनीवर पसरून टोकापासून टोकापर्यंत हाताने मोजा, आणि मोजताना गप्पा मारू नका.

खरं म्हणजे त्या दिवशी तुम्ही त्या भिंतीवर जाऊच नये. श्रद्धांजली घरी बसून वाहता येते. एक फोटो आणि पाच मिनिटं पुरतात. मी तुझा मामा आहे, मला एवढं सांगायचा अधिकार आहे.

मामा


मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचून आधी राग आला. तू मला कधी असं ओरडून लिहिलं नव्हतंस. दोन दिवस उत्तर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. मग काल रात्री जेवताना एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मला तुझं फार वाईट वाटलं.

तू बाबांना पाठीशी घालतोयस. हो ना?

दोर तुटलाच नाही. बाबांनी उपकरणात दोर नीट ओवला नव्हता. गप्पांच्या नादात असेल, काकूंसारखं. वजन टाकल्यावर तो सुटला. उपकरण रिकामं का होतं, याचं एवढं एकच उत्तर मला सापडतं. एवढा मोठा चढाईपटू, त्याने असली शाळकरी चूक केली हे जगाला कळू नये म्हणून तू मिठाची गुळणी धरलीस. आईसाठी आणि माझ्यासाठी. मी तुला दोष देत नाही. तुझ्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं.

पण वहीत मी हे लिहिणार आहे. मास्तरशी आणि काकूंशी बोलले. दोघंही म्हणाले, लिही. ‘अनुभवी चढाईपटूने उपकरण न तपासता वजन टाकले.’ बाबांचं नाव घालूनच लिहीन, कारण नाव झाकलं की माणसं म्हणतात, ते दुसरं कोणीतरी. १६ तारखेला भिंतीवरून उतरून आलो की तिथेच सगळ्यांना वाचून दाखवायचं ठरलं आहे. अभिमानाचं पान गेलं, पण उपयोगाचं तरी होईल.

आणि हो, आम्ही जाणार. सगळ्यात आधी मी उतरणार, ते मी मागून घेतलंय. दोर मोजायचं म्हणशील तर गणिताच्या शिक्षकाला मोजायला सांगायची माझी टाप नाही, तो आधीच तुझ्या सूचनांवर हसतोय.

रागावू नकोस. तू इतकी वर्षं एकट्याने हे ओझं वाहिलंस, आता उतरव.

तुझी,
खारुताई


मंगळवार, ११ फेब्रुवारी

चि. खारुताई,

हे पत्र कुरिअरने पाठवतो आहे आणि तुझ्या फोनवर निरोप ठेवला आहे की ते वाचल्याशिवाय निघू नकोस. फोन तीनदा हातात घेतला होता. फोनवर मला हे बोलता येणार नाही. आज कामावर गेलो नाही. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा खोटं सांगून सुट्टी घेतली.

तुझ्या बाबांनी उपकरणात दोर नीट ओवला होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आणि हाताने ओढून बघितला. त्यांच्याकडून एकही चूक झाली नाही. त्यांची चूक झाली असं तू कुठेही लिहू नकोस.

चूक माझी आहे. तो दोर पन्नास मीटरचा होता. त्या टप्प्यापासून पायवाटेपर्यंत सत्तेचाळीस, वर बांधायला दोन. जेमतेम एक मीटर शिल्लक राहायचा, पण राहायचा. आम्ही त्याच दोराने तिथून पाच-सहा वेळा उतरलो होतो. निघायच्या चार दिवस आधी मी दोर तपासत होतो तेव्हा एका टोकाजवळ साल सोललेली दिसली. मी ते टोक कापलं. पाच मीटर. कापलेलं टोक मेणबत्तीवर धरून नीट वितळवून बंद केलं, अगदी गुळगुळीत. चांगलं काम केलं याचं समाधान होतं मला. भावोजींना सांगायचं होतं. सकाळी बसमध्ये सांगणार होतो, तर बसमध्ये तुझाच विषय निघाला. तुझा दात पडला होता आणि तू तो कोणाला दाखवत नव्हतीस. आम्ही हसत बसलो. आणि दिवसभरात ते माझ्या डोक्यातून पार गेलं. दोर मीच वर बांधला, मीच खाली सोडला. भावोजी म्हणाले, ‘टोकाला गाठ मारायची का रे?’ मी म्हणालो, ‘भावोजी, आपण काय नवशिके आहोत का? अडकेल उगीच.’ त्यांनी विचारलं होतं, खारू. त्यांनी विचारलं होतं.

ते फुगवट्याखाली गेले. थोड्या वेळाने ताणलेला दोर हातात एकदम हलका झाला. मला वाटलं, पोचले. आता खालून आवाज देतील. आवाज आला नाही. मी हाका मारल्या. मग दोर वर ओढला. टोक हातात आलं तेव्हा ते गुळगुळीत होतं. माझंच वितळवलेलं. त्या क्षणी मला सगळं कळलं. दोर चार मीटर कमी पडला, ते टोकावरून निसटले, अरुंद पायवाटेवर आदळले आणि तिथून खाली गेले.

आता पुढचं लिहितो. इतकी वर्षं मी हे स्वतःशीसुद्धा पूर्ण बोललो नाही.

मी लगेच मदतीला धावलो नाही. मी तिथे बसलो आणि ते टोक दगडाच्या धारेवर घासलं. घासत राहिलो. धागे सुटेपर्यंत, पिंजण होईपर्यंत. पंधरा मिनिटं असतील, वीस असतील. मग वरच्या वाटेने धावलो. आलेल्या माणसांनी टोक पाहिलं आणि आपापसात म्हणाले, धारेवर तुटला. मी नुसती मान हलवली. डॉक्टर म्हणाले, ते जागीच गेले होते. पण दोर घासत बसलो होतो तेव्हा मला हे माहीत नव्हतं. ते खाली जिवंत असू शकतील हे ठाऊक असून मी तिथे बसलो होतो.

ताईसाठी केलं असं मी मनाला सांगत आलो. खोटं आहे ते. तिच्या नवऱ्याला मी मारलं हे तिच्या तोंडून ऐकायची माझी हिंमत नव्हती. मी स्वतःला वाचवलं.

तुम्ही त्या कॅनव्हासच्या घडीला त्यांचं नाव दिलंत, आणि मी एकदाही तोंड उघडलं नाही. सगळा क्लब धारेला जपत राहिला आणि टोक तसंच मोकळं राहिलं. तुझ्या मास्तरने दोर कापला हे वाचल्यापासून मला झोप नाही. माणूस दोर कापतो आणि सांगायचं राहून जातं. हुशार माणसाचं जास्त राहतं, कारण त्याला कोणी विचारत नाही. रोज लिफ्टच्या नोंदवहीत मी प्रत्येक बोल्ट लिहितो आणि खाली सही करतो. ही एक नोंद मी केली नाही.

तू मला मामा म्हणू नकोस, चालेल. पण टोकाला गाठ मार. पाया पडतो तुझ्या.


बुधवार, १९ फेब्रुवारी

मामा,

‘प्रिय’ लिहायला हात वळत नाही, आणि दुसरं काय लिहावं ते सुचत नाही. म्हणून नुसतं मामा.

मी जिवंत आहे हे आधी सांगते. आईने तुला तेवढं कळवलंय असं ती म्हणाली.

तुझं पत्र तेरा तारखेला मिळालं. क्लिनिकच्या मागच्या खोलीत, जिथे आम्ही टॉवेल वाळत घालतो, तिथे उभी राहून वाचलं. मग पुढच्या पेशंटची पाठ शेकली. कोणाला काही सांगितलं नाही. मला ते खरं मानायचं नव्हतं. गाठ मारायची, एवढंच ठरवलं होतं, का ते न सांगता. बघ, तुझीच भाची.

रविवारी दोन वाजता आम्ही पाचही जण वरच्या टप्प्यावर पोचलो. ऊन चांगलं होतं, वारा नव्हता. मास्तरने अँकरला दोर बांधला, काकूंनी धारेवर गादी ठेवली, नीट दोन्ही हातांनी दाबून. मी खालचं टोक हातात घेऊन गाठ मारायला लागले. मास्तर हसला. म्हणाला, ‘मामांचा हुकूम का? वर ओढताना अडकली तर सोडवायला मी त्यांनाच बोलावणार.’ बाकीचे पण हसले. मीही हसले. आणि मग मला गाठीचा पुढचा वेढा घालताच येईना. काकूंनी विचारलं, ‘काय होतंय गं?’

मी सगळं सांगितलं. तिथे, त्या टप्प्यावर, जिथे तू बसला होतास. कापलेलं टोक, बस, बाबांनी विचारलेला प्रश्न, तू दिलेलं उत्तर. दोर घासलास तेही सांगितलं. काकू गादीवरचा हात काढून घेऊन नुसत्या बसल्या.

मास्तर माझ्याकडे बघत नव्हता. तो दोराकडे बघत होता. मग म्हणाला, ‘दुसरं टोकही कापलंय मी.’

मी विचारलं, ‘कधी?’

‘जानेवारीत. पाच मीटर असेल. वितळल्यासारखं झालं होतं, गाडीत गरम पाइपला लागलं होतं.’

‘आणि सांगितलं नाहीस?’

‘सांगायचं राहिलं. मग तू मामांच्या सूचना वाचून दाखवायला लागलीस, मी हसलो. एकदा हसल्यावर कसं सांगणार?’

आम्ही दोर उलगडून हाताने मोजला. काकू मोजत होत्या आणि आम्ही मोठ्याने आकडे म्हणत होतो. दोनदा मोजला. अँकरपासून एकोणपन्नास मीटर. खाली पायवाट बावन्नावर. फुगवट्याखाली आधी मी जाणार होते. गाठ नसती तर मास्तर वर थांबून माझ्या आवाजाची वाट बघत बसला असता.

मास्तर रडला. त्याला मी पंधरा वर्षांत कधी रडताना पाहिलं नव्हतं. आम्ही कोणीच त्या दिवशी दोरावरून उतरलो नाही. वरच्या वाटेने चालत खाली आलो, ज्या वाटेने तू धावला होतास. वाट लांब आहे. सबंध वाटभर एकेक जण आपापलं सांगत होता, कधी काय राहून गेलं, कोणापासून काय लपवलं. सगळ्यात लांब यादी काकूंची होती. खाली पोचेपर्यंत वहीची नऊ पानं भरतील एवढं जमलं.

आता तुझं आणि माझं. तू माझा जीव वाचवलास हे मला कळतं. पत्र आलं नसतं तर मी गाठ मारली नसती. तू दोर कापलास आणि सांगायचं विसरलास, ते मी समजू शकते, रविवारनंतर तर जास्तच. गाठ नको म्हणालास, तेही मी समजू शकते, मीही तेच म्हणत होते. पण त्या पंधरा-वीस मिनिटांपाशी आले की मला पुढे जाता येत नाही. रोज रात्री मी तिथे येऊन अडते. माझे बाबा खाली पडले होते आणि तू वर बसून दोर घासत होतास. यावर मी तुला काय म्हणू ते मला अजून माहीत नाही. म्हटलं तर खोटं होईल, म्हणून काही म्हणत नाही.

वहीत मी सगळं खरं लिहिणार. तुझं नाव घालून.

पत्र मी आईला दिलं. द्यायचं की नाही यावर रविवारची अख्खी रात्र काढली. मग वाटलं, आणखी वीस वर्षं कशाला? ती स्वयंपाकघरात उभी होती. पत्र घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं. बाहेर आली आणि भाजी चिरायला घेतली. काल तिने माझ्याकडे कोरा कागद मागितला.

खारू


सोमवार, २४ फेब्रुवारी

बाळ,

पत्र लिहायची सवय नाही, तुला माहीत आहे. किराण्याच्या यादीपलीकडे माझी मजल जात नाही. तीन कागद फाडले, हा चौथा आहे.

तुझं पत्र मी वाचलं. किती वेळा ते विचारू नकोस. पोरीला वाटतं मी दगड झाले, म्हणून ती दाराआडून बघत असते.

तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर कोणाला सांगितली नाही, पोरीलाही नाही. ते गेले त्याच्या पंधरा दिवस आधी तुम्ही दोघं कुठून तरी चिखलात लोळून आला होता. दोर चिखलाने भरला होता. ते म्हणाले होते, नुसत्या पाण्यातून काढ. मी म्हटलं, पाण्याने हा काय निघतोय. म्हणून कपड्यांच्या बादलीत रात्रभर भिजत टाकला, पावडर घालून, वर थोडं ब्लीच पण घातलं. छान पांढरा निघाला. गॅलरीत वाळवला आणि तू आलास तेव्हा तुझ्या हातात दिला. ते घरी नव्हते, त्यांना मी सांगितलं नाही.

दोर तुटला असं तुम्ही येऊन सांगितलंत तेव्हा माझ्या मनात दुसरं काही आलं नाही. बादली आली. मी दोर सडवला, मी त्यांना मारलं. पुढे क्लबचा कोणी तरी मुलगा घरी बसून सांगत होता की ब्लीचने दोर आतून कुजतो आणि वरून कळत नाही. मी त्याला चहा दिला आणि आत जाऊन भिंतीला डोकं आपटलं. तुला विचारावं असं शंभरदा वाटलं, की दोर कुजल्यासारखा दिसत होता का रे? विचारलं नाही. तू हो म्हणालास तर काय करू, या भीतीने विचारलं नाही. पोर कड्यावर जायला लागली तेव्हा तिला अडवायला हवं होतं. अडवायचं मला तोंड नव्हतं. तिचा दोर मी कधी हातात घेतला नाही.

वीस वर्षं, बाळ. तू तिकडे एका खोलीत आणि मी इकडे एका खोलीत, दोघंही तेच. तू येताना मला साड्या आणायचास आणि मी तुला बळेबळे जेवायला वाढायचे. एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो नाही. मला वाटायचं, तुला कळलंय आणि तू मोठ्या मनाने बोलत नाहीस. मी तुझे उपकार मानायचे. आज त्याचं मला हसू येतं.

मला तुझा राग आला आहे. असा राग की तू समोर असतास तर मी तुला मारलं असतं, लहानपणी मारायचे तसं, लाटण्याने. त्यांना तू वीस मिनिटं खाली टाकून बसलास. आणि मला वीस वर्षं. त्यांची वीस मिनिटं एक वेळ देव बघेल. माझ्या वीस वर्षांचा जाब मी तुला विचारणार आहे.

पण तो कागदावर विचारता येत नाही. तिकीट काढ आणि ये. मी ओरडेन, तू ऐकून घे. किती दिवस ओरडेन ते आता सांगता येत नाही, तेव्हा रजा मोठी टाक.

ताई